रुखवतातलं यान

कमलच्या तेराव्याला अरविंद आला. धुळ्याहून गाडी करून आला, पांढरेशुभ्र कपडे घालून. माझ्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलला आणि पंगत बसायच्या आधी भिंतीवरच्या फळीपाशी जाऊन उभा राहिला. आमचे मेहरूणचे शेजारी तिथं बसलेले. त्यांना सांगायला लागला, "हे यान मी लहानपणी बनवलेलं आहे बरं का. त्या काळी अख्ख्या धुळ्यात असं कोणाकडं नव्हतं." मी हातात वरणाची बादली घेऊन उभा होतो. बायको जाऊन दोन आठवडे नाही झाले आणि हा माणूस मामेभावाची गचांडी धरतो, असं लोक म्हणाले असते. म्हणून गप्प बसलो. वाढत राहिलो. आता पंगत उठली आहे, पाहुणे गेले आहेत, पोरं त्यांना सोडायला स्टेशनवर गेली आहेत, घरात मी एकटा आहे. आता गप्प बसायचं काही कारण उरलं नाही. लिहितो.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही ढकलत ढकलत. लिहिण्यात चुका होतील. पण अरविंदच्या बोलण्यात जेवढं खोटं आहे तेवढं माझ्या लिहिण्यात सापडणार नाही.

यान सध्या माझ्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवलेलं आहे. कमल होती तोवर ती दर आठवड्याला पदरानं पुसायची. आजारी पडली तशी धूळ बसत गेली, सोनेरी पन्नी काळी पडली, एक पाय हलायला लागला. मी ते परत नीट करायला घेतलं आहे. ओल्या कापसानं पुसताना सारखं वाटतं की ती आतून विचारेल, "सांगा ना, अरविंदभाऊंचं तोंड कसं झालं होतं?" आमच्या संसारात तिनं मला ही गोष्ट किती वेळा सांगायला लावली असेल. पोरं झोपली की सांगा, लाइट गेली की सांगा, भांडण झालं की ते मिटवायला सांगा. राग एकट्यानं जपता येत नाही. त्याला फुंकर घालायला दुसरं माणूस लागतं. माझं ते माणूस गेलं.

तर धुळ्याची गोष्ट. माझी आई लवकर गेली. वडील जळगावला मालधक्क्यावर केळीचे घड वॅगनमध्ये चढवायचे. घरी भाकरी टाकणारं कोणी नाही, म्हणून त्यांनी मला धुळ्याला मामाकडं ठेवलं. मामाचं रंगाचं दुकान होतं. खाली दुकान, मागं आणि वर घर. घरात सदा टर्पेंटाइनचा वास. त्या वासात मामी खापरावर पुरणाचे मांडे करायची, तर त्या पुरणालाही तो वास लागलेला असे, आणि मला अजून पुरण म्हटलं की टर्पेंटाइन आठवतं. गल्लीच्या पलीकडं मोमीन लोकांचे माग होते. सकाळपासून खटखट, खटखट. शुक्रवारी दुपारी ते थांबले की घरातली माणसं उगीचच हळू बोलायला लागायची. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे वाळत घातलेले असायचे आणि त्यावरचे कावळे हाकलायला मी. दुकानात डबे उचलायला मी, रंग ढवळायला मी, गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला मी. मामी वाईट नव्हती. जेवायला हाक मारायची, "रघू, जेवाले ये," आणि वाढताना हात आखडायची नाही. पण घरच्या पोरात आणि ठेवलेल्या पोरात जो फरक असतो तो ताटात दिसत नाही, हाक मारण्यात दिसतो. अरविंदला ती "अरविंदभाऊ" म्हणायची. पोटच्या पोराला भाऊ, आणि मी रघ्या नाही तर रघू.

अरविंद माझ्याहून थोडा मोठा. त्याची मोठी बहीण सुशीअक्का. तिनं मला कधी रघ्या म्हटलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

मामाच्या एका मित्राचा जावई अमेरिकेत होता. त्यानं अरविंदसाठी एक खोकं पाठवलं. वर चंद्राचं चित्र, काळं आभाळ, आणि चार पाय पसरून उतरलेलं यान. आत पांढऱ्या प्लास्टिकचे भाग, आंब्याच्या डहाळीला कैऱ्या लागाव्यात तसे एका सांगाड्याला लागलेले. ते तोडून, घासून, बघून बघून जोडायचं असतं. सोबत चित्रांचा कागद होता, कुठला भाग कुठं ते दाखवणारा. अरविंदनं तो कागद पाहिलाच नाही. रेडिओ लावला आणि एका दुपारात सगळं चिकटवून मोकळा झाला. त्या नळीतला गोंद प्लास्टिक विरघळवतो. ह्यानं तो टूथपेस्टसारखा पिळला. जिथं बोट टेकवलं तिथं बोटाचा ठसा वितळून बसला. एक पाय उलटा लावला, एक तिरपा. फटी राहिल्या त्यात आगपेटीची काडी जाईल. मग दुकानातला शटरला लावायचा चंदेरी रंग न ढवळता फासला. त्याचे ओघळ आले, ओघळांवर माशी बसली, ती तिथंच चिकटून राहिली. आणि ही वस्तू मामानं पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवली. येईल त्याला दाखवायचे. "आमच्या अरविंदनं बनवलं. रॉकेट."

मी रोज ते कपाट पुसायचो. आतल्या वस्तूला कधी हात लावला नाही. हे मी कमलची शपथ घेऊन सांगतो.

एकदा रंगाच्या कंपनीचे साहेब आले, सोबत आणखी दोघं. मामानं यान बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं तर ते एका बाजूला कलंडलं. तिरपा पाय आधीपासून तिरपाच होता, पण साहेबांसमोर आता तो सगळ्यांना दिसला. साहेब हसले. मामानं अरविंदकडं पाहिलं. अरविंद डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "रघ्या पुसतो ना ते. त्यानंच वाकवला असेल." मी म्हटलं, "मी हात नाही लावला." मामा म्हणाले, "उलट बोलतो? दोन्ही कान धर." मी कान धरले. "उठाबशा काढ." त्या तीन परक्या माणसांसमोर, सुशीअक्कासमोर, चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मामीसमोर मी उठाबशा काढल्या. किती, ते मोजलं नाही. साहेबांनीच शेवटी "जाऊ द्या हो, लहान आहे" म्हटलं, तेव्हा मामा थांबले. मिसरूड फुटलेल्या पोराला "लहान आहे" म्हटलं हे मला उठाबशांपेक्षा जास्त लागलं. आणि अरविंद खुर्चीत बसून बशीत चहा ओतत होता. त्या क्षणी मी ठरवलं, हे यान कोणाच्या हातचं आहे ते ह्यानं एक दिवस स्वतःच्या तोंडानं सांगायचं. चारचौघांत. आणि खालच्या मानेनं.

ती संधी सुशीअक्काच्या लग्नानं आणली. तिला जळगावचं स्थळ आलं. मुलाच्या घरी मेहरूणमध्ये प्लास्टिकच्या बादल्या आणि मग बनवायचं मशीन होतं. साखरपुड्याला मुलाची आत्या आली, जिजाआत्या. जाडजूड बाई, आवाज मंडपाबाहेर जाणारा. कपाटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आवं माय, हाऊ काय खेकडा शे का?"

मामी घाईघाईनं म्हणाली, "रॉकेट शे ते. मन्हा अरविंदनी करेल शे."

"हो का? मंग खेकडाच बरा व्हता."

सगळे हसले. मामा पण हसले, पण कान लाल झाले. पाहुणे गेल्यावर अरविंदला आत बोलावून म्हणाले, लग्नात रुखवतावर ठेवायचं आहे, तेव्हा नीट दिसलं पाहिजे. अरविंदनं मान हलवली, दुकानात आला आणि यान माझ्यापुढं आपटलं. "हे चकाचक कर. आणि तू केलं म्हणून कोणाजवळ बोलायचं नाही."

मी म्हटलं, "नाही बोलणार." आणि खरंच कोणाजवळ बोललो नाही.

दुकानाच्या माळ्यावर बसून मी ते उघडलं. उघडलं म्हणजे काय, त्या घट्ट गोंदाला सुरी लागेना. शेजारी रसवाला होता, तो बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात ठेवायचा. यान पिशवीत बांधून मी दुपारभर त्या लादीखाली पुरलं. थंडीनं जुना गोंद काचेसारखा होतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. थंडीत डब्याची झाकणं कशी कटकन सुटतात ते रोज पाहत होतो, त्यावरून अंदाज केला. अंगठा लावला की एकेक सांधा कट, कट करून सुटला. मग दुकानातला कॉस्टिक सोडा बादलीत घालून भाग त्यात बुडवले. सकाळी शटरचा रंग दुधावरच्या सायीसारखा वर तरंगत होता, माशीसकट. खालून प्लास्टिक असं पांढरं निघालं की मी एकटाच हसलो. अरविंदच्या बोटांचे ठसे मात्र आत वितळलेले होते. ते पाणी-पेपरनं, म्हणजे पाणी लावून चालवायच्या बारीक पॉलिश-पेपरनं घासले. एकेक ठसा बोटाखाली नाहीसा होताना जी मजा आली ती सांगून समजायची नाही. अरविंदलाच घासतोय असं वाटायचं. खोक्यात प्लास्टिकचा सांगाडा पडलेला होता, त्याचे तुकडे थिनरमध्ये विरघळवले तर लापशी झाली. ती फटींत भरली, वाळवली, पुन्हा घासली. कागद फाटून गेला होता, म्हणून खोक्यावरच्या चित्राकडं बघून जोडत गेलो.

चित्रात यानाच्या खालच्या अंगाला सोनं गुंडाळलेलं होतं. तेवढ्यासाठी हसनचाचांकडं गेलो. ते ताबूत सजवायचे, लग्नाच्या बाशिंगांना पन्नी लावायचे, दुकानात रंग घ्यायला यायचे. त्यांच्याकडून सोनेरी बेगड मागितली. यान हातात घेऊन त्यांनी चहूबाजूंनी पाहिलं.

"ये किस की सवारी है रे?"

"चंद्रावर जायची."

"अच्छा. हमारा ताबूत तो गल्ली के नुक्कड तक जाता है, उसको भी इतना घिसते नहीं." मग म्हणाले, बेगड ओढून लावायची नाही, चुरगाळायची, मग तिला उजेड जास्त पडतो. आणि त्यांनीच पहिला तुकडा लावून दिला.

यान झालं. खोटं कशाला बोलू, चित्रातल्यापेक्षा चांगलं झालं. फक्त पाय मी गोंदानं लावले नाहीत. मेणबत्तीचं मेण घेतलं, त्यात थोडं खोबरेल तेल मिसळलं आणि त्यानं चारही पाय बसवले. तेल किती घालायचं ते माळ्यावरच्या पत्र्याखाली ठेवून ठेवून ठरवलं. सकाळी दगडासारखं घट्ट, दुपारी लोण्यासारखं. वैशाखातलं लग्न होतं. आमच्या खानदेशात वैशाखात दुपारी काय होतं ते खानदेशच्या माणसाला सांगायला नको.

आमच्याकडं रुखवताची पद्धत अशी. मुलीकडचे आपल्या हातच्या वस्तू मांडतात. शंखशिंपल्यांची तुळस, मण्यांचा मोर, साखरेचे कळस. प्रत्येकावर चिठ्ठी, अमुकीनं केलं. मग मुलाकडच्या बायका येतात, वस्तूला हात लावून विचारतात, कोणी केलं, कसं केलं. आणि जिचं नाव असेल तिनं पुढं येऊन सांगायचं. थट्टा होते, हसणं होतं. सुशीअक्कानं विणलेलं, भरलेलं सगळं एका टेबलावर होतं. तिच्या वस्तूंना काही व्हायला नको म्हणून मी यान बाजूला, वेगळ्या स्टुलावर ठेवलं. अरविंदला ते फारच आवडलं. त्याला वाटलं मानाची जागा दिली. त्यानं स्वतःच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली, "चि. अरविंदने स्वहस्ते तयार केलेले यान", आणि वर मांडववाल्याकडून मोठा बल्ब मागून वीतभर अंतरावर टांगला. बल्ब माझ्या डोक्यात नव्हता. तो त्याचा स्वतःचा.

दुपार झाली. मागं वरण-बट्टीच्या पंगतीची तयारी, बट्ट्या तुपात पडल्याचा चर्र आवाज, घमघमाट. जिजाआत्या बायका घेऊन आली. तिच्यासोबत तिची भाची होती, म्हणजे नवऱ्या मुलाची धाकटी बहीण. हिरवं परकर-पोलकं, कपाळावर घाम. ती कमल. तिनं यानाकडं हात नेला तर अरविंद म्हणाला, "हात लावू नका. तुमच्याकडच्या बादलीचं प्लास्टिक नाही ते." कमलनं हात मागं घेतला, पण त्याच्याकडं असं पाहिलं की मला तेव्हाच कळलं, आपण दोघं झालो.

जिजाआत्या म्हणाली, "बरं भाऊ, नाही लावत. कसं केलं ते तरी सांग. खेकड्याचा मोर कसा झाला?"

अरविंदनं छाती काढली. "एकेक भाग मोजून जोडला आहे. असं पक्कं काम आहे की माझी नातवंडंसुद्धा..."

तेवढ्यात एक पाय सरकला. आवाज नाही, काही नाही. दमलेल्या उंटानं गुडघा मोडावा तसा. मग दुसरा. मग तिसरा. यान हळूच एका बाजूला बसलं, पोट स्टुलाला टेकलं आणि एक पाय तेवढा आभाळाकडं राहिला. पहिली कमल हसली. मग सगळा मांडव.

अरविंद ओरडला, "हे मी नाही केलं! रघ्यानं केलं हे! सगळं रघ्यानं केलं!"

कानात अजून आहे. माझ्या लग्नातली सनई मला आठवत नाही, पण हे आठवतं.

जिजाआत्यानं चिठ्ठी उचलली. "मंग हाई नाव कोनं शे?"

अरविंद मामांना शोधत मागं बघायला लागला.

"खोड. ज्यानी करं त्यानं नाव लिख." तिनं कोणाच्या तरी खिशातला पेन काढून त्याच्या हातात दिला. बायकांचा घोळका भोवती, मागं पुरुष जमा झालेले, मामा लांबून घाम पुसत येत होते. अरविंदनं मान खाली घालून आपलं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. रघ्या लिहिलं होतं. जिजाआत्या म्हणाली, "पुरं लिख." त्यानं रघुनाथ लिहिलं.

मग तिनं मला पुढं बोलावलं आणि विचारलं, कसं केलं. मी सांगितलं. बर्फ सांगितला, सोडा सांगितला, हसनचाचांची बेगड सांगितली. त्या घरात इतकी वर्षं राहिलो, पण माझं एवढं बोलणं कोणी ऐकून घेतल्याची ती पहिली वेळ.

"आनि पाय?" ती म्हणाली.

"पायांचं अरविंदभाऊंना विचारा. यानाचे पाय कोण वाकवतं ते त्यांना बरोबर माहीत असतं."

मामानं तिथंच कानाखाली दिली. "उचल तुझं खेळणं. पुन्हा माझ्या दारात दिसू नको." मी उचललं. गालाची आग होत होती आणि मला इतका आनंद झालेला होता की रडू येईल की काय वाटलं. मामीनं मागच्या दारानं कपड्यांची पिशवी आणून दिली, त्यात पेपरात गुंडाळलेल्या चार बट्ट्या होत्या. मामांवरचा राग पुढं गेला. ते वारले तेव्हा धुळ्याला जाऊन खांदा दिला. अरविंदवरचा गेला नाही, जाऊ दिला नाही. ह्या तेराव्यानं तो परत ताजा केला आहे.

वडील जळगावला, आणि जळगावला जाणारी गाडी म्हणजे वऱ्हाडाचीच. जिजाआत्यानं मला मागच्या बाजूला, भांड्यांच्या पेट्यांजवळ बसवलं. उन्हं उतरायला लागली होती. सुशीअक्का पुढं नवऱ्याजवळ बसलेली, डोळे सुजलेले. तिनं एकदा मागं वळून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, तिनं मला आयुष्यभर सांगितलं नाही. मी यान मांडीवर घेऊन, सुटलेले पाय खिशात घालून बसलो. धुळं मागं पडलं, तशी समोरच्या बाकावरची कमल उलटी वळून बाकाच्या पाठीवर हनुवटी टेकून बघायला लागली. मग हात लांब करून तिनं पायाच्या खाचेत बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

"मेण आहे."

मी खिशातले पाय मुठीत धरले.

"मुद्दाम लावलं?"

"मुद्दाम."

मला वाटलं, आता ही आत्याला हाक मारते आणि मला रस्त्यातच उतरवून देतात. तिनं पुढं एकदा पाहिलं, आत्या घोरत होती. मग खाली वाकली, यानाला उरलेला तो एक पाय चिमटीत धरून हलवून पाहिला.

"हा राहिला की," ती म्हणाली. "हा पण पाडायचा होता."